खलनायकाची सोय

बोस्टनमधलं एक नामांकित रुग्णालय. किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आलेली धडधाकट तरुण माणसं भुलीतून बाहेरच येत नाहीत. हृदय चालू, मेंदू संपलेला. मोठे डॉक्टर हळहळतात, भुलीत लाखात एखाद्याचं असं व्हायचंच म्हणतात आणि पुढच्या केसकडे वळतात. सर्जरीच्या पोस्टिंगवर नुकतीच आलेली सुझन व्हीलर ही विद्यार्थिनी मात्र मोजायला बसते. लाखात एक म्हणता, मग इथे एवढे कसे? या प्रश्नापायी तिला दमदाटी होते, पोस्टिंग जायची वेळ येते, मारेकरी मागे लागतो. शेवटी तिलाच आठ नंबरच्या थिएटरमध्ये टेबलावर झोपवलं जातं. रॉबिन कुक यांची ‘कोमा’ ही कादंबरी 1977 मध्ये आली आणि तरुण डॉक्टर, बंद दारं आणि रुग्णालयातलं कारस्थान या मसाल्याचा एक अख्खा कथाप्रकार तिच्यामागून उभा राहिला. कुक यांची पुस्तकं मराठीतही अनुवादित होऊन आली. आपल्या वाचनालयांत त्यांच्या प्रती हाताळून मऊ झालेल्या दिसतात.

या कथाप्रकाराला करमणूक म्हणून बाजूला सारणाऱ्यांपैकी मी नाही. तरुण डॉक्टरांच्या मनातली भीती ‘कोमा’ने जितकी नेमकी पकडली, तितकी ती गंभीर म्हणवणाऱ्या पुस्तकांतही क्वचित सापडते. माझी तक्रार वेगळी आहे. या कथांमधली भीती खरी असते आणि खलनायक खोटा असतो. भीती पुस्तक मिटलं की ओसरते. खलनायक शोधायची सवय मात्र आपल्या अंगात मुरते. रुग्णालयात काही भयंकर घडलं की आपण समाज म्हणून त्याच सवयीने वागतो, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा वॉर्डातल्या सर्वांत कनिष्ठ माणसाला मोजावी लागते.

कुक स्वतः नेत्रशल्यविशारद. ‘कोमा’च्या पाच वर्षं आधी, 1972 मध्ये, त्यांचं पहिलं पुस्तक आलं होतं: ‘द इयर ऑफ द इंटर्न’. हवाईमधल्या रुग्णालयात एका इंटर्नचं वर्ष कसं जातं याची ती कहाणी. झोप नाही, विचारायला कोणी वरिष्ठ नाही, आणि हळूहळू रुग्णाविषयी काही वाटेनासं होणं. त्यात मारेकरी नाही, कट नाही. ते पुस्तक फारसं कोणी वाचलं नाही. मग कुक यांनी खपणाऱ्या कादंबऱ्यांचा रीतसर अभ्यास केला, त्यांची तंत्रं टिपून ठेवली आणि ‘कोमा’ लिहिली. ती हातोहात खपली. पुढच्याच वर्षी तिच्यावर चित्रपट निघाला. दिग्दर्शक मायकेल क्रायटन हेही हार्वर्डमधून वैद्यकीची पदवी घेऊन त्या व्यवसायातून बाहेर पडलेले. थकलेल्या डॉक्टरचं खरं पुस्तक पडून राहिलं आणि कारस्थानाचं पुस्तक घराघरात गेलं. याला लेखकाइतकेच आपण वाचकही कारणीभूत आहोत.

‘कोमा’ त्याच काळात एवढी का झोंबली, हेही पाहायला हवं. डिसेंबर 1967 मध्ये केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय पहिल्यांदा दुसऱ्या माणसात बसवलं. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी 1968 मध्ये, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी तो प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा तेव्हा आपल्याकडे नव्हताच. तो अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याबरोबर 1994 मध्ये आला. हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले ते ऑगस्ट 1968 मध्ये, म्हणजे दोन्ही शस्त्रक्रियांनंतर. 1975 मध्ये न्यू जर्सीतली कॅरेन ॲन क्विनलन ही तरुणी बेशुद्ध झाली. तिचं श्वसनयंत्र काढायचं की नाही हा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1976 मध्ये निकाल आई-वडिलांच्या बाजूने लागला. माणूस नेमका केव्हा मेला हे ठरवण्याचा अधिकार डोळ्यांदेखत डॉक्टरांच्या हाती जात होता. त्या अधिकाराचा कोणी धंदा केला तर? कुक यांनी हा सार्वजनिक प्रश्न उचलला आणि त्याला एका माणसाचा चेहरा दिला: सर्जरी विभागाचा प्रमुख.

गुन्ह्याची युक्तीही डॉक्टरालाच सुचेल अशी. आठ नंबरच्या थिएटरच्या ऑक्सिजनवाहिनीत गुपचूप कार्बन मोनॉक्साइड सोडला जातो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. शिवाय त्याने रक्त काळवंडत नाही, उलट लालभडक दिसतं. त्या काळी बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर थिएटरात आलेला नव्हता. भूल देणारा डॉक्टर ओठांचा आणि रक्ताचा रंग बघायचा आणि निर्धास्त व्हायचा. आजचा साधा ऑक्सिमीटरसुद्धा या वायूला फसतो आणि आकडा उत्तम दाखवतो. म्हणजे सगळ्या खुणा ठीक असताना मेंदू मरतो. कादंबरीतला हा भाग आजही अंगावर येतो.

पण माझ्या मते या कादंबरीचं खरं मोल तिने रुग्णालयाची उतरंड अचूक पाहिली यात आहे. गडबड सर्वांत आधी दिसते ती सर्वांत खालच्या माणसाला, कारण रुग्णाच्या उशाशी तोच उभा असतो. आपल्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत केस पेपर कोण लिहितं, रक्त कोण काढतं, रात्री तीनला नातेवाइकांना कोण सामोरं जातं? पहिल्या वर्षाचा निवासी. मुंबईत त्याला अजून हाउसमन म्हणतात. त्याच्यावर रजिस्ट्रार, त्याच्यावर लेक्चरर, मग युनिटचे बॉस. खाली दिसलेली गोष्ट वर पोचेपर्यंत तिची धार जाते, कारण प्रत्येक पायरीवर कोणाची तरी परीक्षा, बढती किंवा अब्रू अडकलेली असते. सुझन तर बाई आहे, त्यातून विद्यार्थिनी. तिच्या शंकेला ‘ताण सहन झालेला दिसत नाही’ असं उत्तर मिळतं. हे कुक यांना रचावं लागलं नसणार. त्यांनी ते पाहिलं असणार.

ब्रिटनमधल्या ब्रिस्टलमध्ये हेच घडलं, आणि तिथे मारेकरी कोणीच नव्हता. स्टीफन बोल्सिन हे भूलतज्ज्ञ 1988 मध्ये तिथे रुजू झाले. लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया फार लांबतात आणि फार मुलं दगावतात, हे त्यांच्या लक्षात आलं. 1990 मध्ये त्यांनी वर पत्र लिहिलं, मग आकडेवारी जमवली. शस्त्रक्रिया पाच वर्षं चालूच राहिल्या. 2001 मध्ये आलेल्या चौकशी अहवालात म्हटलं होतं की 1991 ते 1995 या काळात अपेक्षेपेक्षा 30 ते 35 बालकं जास्त दगावली. तोवर बोल्सिन ऑस्ट्रेलियात निघून गेले होते. त्या मुलांना मारायचं कोणाच्याही मनात नव्हतं. मोठ्यांचा मान राखायचा होता, केंद्राचं नाव टिकवायचं होतं, अनुदान जाऊ द्यायचं नव्हतं. एवढ्या सज्जन कारणांनी मुलं गेली.

आता न्यूयॉर्कची घटना. 4 मार्च 1984 च्या रात्री लिबी झायन ही 18 वर्षांची मुलगी ताप आणि अस्वस्थपणा घेऊन रुग्णालयात दाखल झाली आणि सकाळपर्यंत गेली. मानसोपचाराची एक गोळी तिला चालू होती, तिच्यावर पेथिडिनचं इंजेक्शन पडलं. ही दोन औषधं एकत्र घातक ठरू शकतात. तिला पाहणारी इंटर्न त्या रात्री जवळपास 40 रुग्ण एकटीने सांभाळत होती, आणि वरिष्ठ डॉक्टर फोनवर होते. मुलीचे वडील सिडनी झायन पत्रकार आणि वकील. डॉक्टरांवर खुनाचा खटला व्हावा अशी त्यांची मागणी होती. थरारकथेत तसंच झालं असतं. पण पुरावा ऐकणाऱ्या ग्रँड ज्युरीने डॉक्टरांवर फौजदारी आरोप ठेवायला नकार दिला आणि बोट ठेवलं ते कामाच्या तासांवर आणि देखरेखीच्या अभावावर. त्यातून बर्ट्रंड बेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, आणि 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्यात नियम झाला: निवासी डॉक्टरला आठवड्याला 80 तासांपेक्षा आणि सलग 24 तासांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही. 2003 मध्ये अशी मर्यादा अमेरिकाभर आली. एका बापाला गुन्हेगार हवा होता आणि त्याला नियम मिळाला. त्याच्या दुःखाला तो पुरा पडला नसेल. पण दोन तरुण डॉक्टर तुरुंगात गेले असते तर पुढच्या रात्री त्या वॉर्डात 40 रुग्णांमागे आणखी एक थकलेली इंटर्न उभी राहिली असती, बाकी काही बदललं नसतं.

आपल्याकडे नेमकं उलट होतं. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. दहा महिन्यांनी, 6 नोव्हेंबरला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि अकरा कोविड रुग्ण दगावले. वरिष्ठांपैकी काहींना निलंबित केलं गेलं. अटक कोणाला झाली? एका तरुण महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. इमारतीची वायरिंग, आग विझवण्याची साधनं, तपासणीनंतरच्या दुरुस्त्या, यांतलं काय त्या चौघींच्या हातात होतं? त्या दिवशी ज्यांची ड्युटी होती, त्यांनाच खलनायिका ठरवणं सोपं होतं. लोकांचा राग शांत झाला आणि प्रकरण बातम्यांतून गेलं.

नातेवाइकांचा मार खाणारा निवासी डॉक्टर हाही याच सवयीचा बळी. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. तिथे न्यूरोसर्जन नव्हता. ड्युटीवरच्या अस्थिरोगाच्या निवासी डॉक्टरने रुग्णाला दुसरीकडे न्यायला सांगितलं, आणि नातेवाइकांनी त्या डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. न्यूरोसर्जनचं पद का भरलेलं नाही, हे ठरवणारा माणूस त्या रात्री तिथे नव्हता; समोर होता तो डॉक्टर. महाराष्ट्राने 2010 मध्येच वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरच्या हिंसेविरुद्ध कायदा केला आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. मारणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण रिकामं पद कोणत्याच कलमाखाली येत नाही.

कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या घटनेविषयी लिहिताना हात जड होतो. 9 ऑगस्ट 2024. छातीच्या विकारांच्या विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर 36 तासांच्या ड्युटीत मध्यरात्रीनंतर जरा पाठ टेकायला सेमिनार हॉलमध्ये गेली आणि तिथेच तिच्यावर बलात्कार होऊन तिचा खून झाला. पोलिसांच्या मदतीला नेमलेला आणि रुग्णालयात मोकळेपणी वावरणारा स्वयंसेवक पकडला गेला. जानेवारी 2025 मध्ये त्याला जन्मठेप झाली. आणखी कोण सामील होतं, हा तिच्या आई-वडिलांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याची तड लागलीच पाहिजे. इथे खलनायक खरा आहे, हे मी कसं नाकारू? पण ती सेमिनार हॉलमध्ये का झोपली होती, हा प्रश्न त्याच्या जन्मठेपेने सुटत नाही. 36 तास जागणाऱ्या बाईसाठी आतून कडी लावता येईल अशी एक खोली त्या मजल्यावर नव्हती.

त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमताना अरुणा शानबागांचा उल्लेख केला. केईएममधली ही परिचारिका 27 नोव्हेंबर 1973 रोजी ड्युटी संपल्यावर तळघरात कपडे बदलायला गेली होती, आणि तिथे तिने कधीतरी खडसावलेल्या सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. 18 मे 2015 ला मृत्यू येईपर्यंत ती त्याच रुग्णालयात अचेतन पडून होती. ‘कोमा’त बेशुद्ध माणसं जेफर्सन इन्स्टिट्यूट नावाच्या इमारतीत साठवून ठेवलेली असतात, अवयवांच्या मागणीची वाट बघत. परळला परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी आपल्या एका सहकारिणीला चाळीसहून अधिक वर्षं न्हाऊमाखू घातलं, भरवलं, कुशीवर वळवलं. रुग्णालय या जागेविषयी मला याहून मोठं काही माहीत नाही. पण हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला होता तो सुरक्षित कामाच्या जागेसाठी, आणि 51 वर्षांनी कोलकात्यात डॉक्टर रस्त्यावर उतरले तेही त्याचसाठी. तळघर बदललं, सेमिनार हॉल आला. मधल्या काळात दोषी माणसं पकडली गेली, त्यांच्यावर खटले चालले.

कोणी म्हणेल, खरोखरचे राक्षसही रुग्णालयांत निघालेच की. निघाले. अमेरिकेतला मायकेल स्वँगो हा डॉक्टर रुग्णांना विष द्यायचा. पण 1984 मध्ये, तो ओहायोत इंटर्न असतानाच, परिचारिकांनी त्याला संशयास्पद वागताना पाहिलं होतं आणि तसं सांगितलंही होतं. रुग्णालयाने वरवरची चौकशी केली आणि परिचारिकांपेक्षा डॉक्टरवर विश्वास ठेवला. त्याने खुनांची कबुली दिली ती 2000 मध्ये. राक्षस एक होता. तेव्हा त्याला मोकळं सोडणारी मंडळी सभ्य होती आणि आपल्या संस्थेचं नाव जपत होती. यातून कादंबरी लिहायची तर कोणावर लिहावी? मला विचाराल तर त्या परिचारिकांवर.

फलटणची घटना अजून ताजी आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये उपजिल्हा रुग्णालयातल्या एका तरुण महिला डॉक्टरने जीव दिला. तळहातावर तिने लिहून ठेवलेल्या आरोपांचा तपास आणि निवाडा न्यायालयात होईल. त्याआधी मी निकाल देणार नाही. पण पोलिसांकडून दबाव येतो अशी लेखी तक्रार तिने कित्येक महिने आधी केली होती, हे पुढे आलं. नायर रुग्णालयात 2019 मध्ये गेलेल्या डॉ. पायल तडवी यांच्या घरच्यांनीही वरिष्ठ सहकाऱ्यांकडून होणाऱ्या छळाबद्दल आधी सांगून पाहिलं होतं, असं त्यांचं म्हणणं आहे. सुझन व्हीलरचं निदान शेवटच्या पानांत कोणीतरी ऐकतं.

म्हणून थरारकथा लिहिणाऱ्यांकडे माझं मागणं आहे, आणि ते मराठीत लिहिणाऱ्यांकडे आधी आहे. आपल्याकडे डॉक्टरांनी लिहिण्याची परंपरा चांगली आहे. डॉ. अरुण लिमये यांनी ‘क्लोरोफॉर्म’मध्ये आपल्याच व्यवसायातल्या अपप्रवृत्ती उघड्या केल्या. डॉ. रवी बापटांचं ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ वाचताना सार्वजनिक रुग्णालय आतून दिसतं. पण रहस्यकथेची पकड असलेली, पान उलटायला लावणारी आणि तरीही खलनायकाची सोय नाकारणारी कादंबरी या जगातून यायची आहे. तिच्यासाठी लागणारं भय आजही प्रत्येक कॅज्युअल्टीत आहे. इमर्जन्सीची रात्र, तिसावा तास, दोन सारख्या नावांचे दोन रुग्ण, संपत आलेलं रक्त, सुट्टीवर गेलेला लेक्चरर, दाराशी जमलेले नातेवाईक आणि आतून कडी नसलेली ड्युटी रूम. यातला प्रत्येक माणूस सज्जन ठेवा. वाचकाचा श्वास तरीही अडकेल, आणि पुस्तक मिटल्यावर राग काढायला एक बळीचा बकरा हाती लागणार नाही. सध्या निवासी असलेल्या एखाद्या मुलीनेच ते लिहावं. नोंदी आजपासून ठेवाव्यात, आणि पुढे बॉस झाल्यावर त्या फाडू नयेत.

आणि वाचकांनी एवढं करावं. निवासी डॉक्टरांचं सलग काम एरवी दिवसाला 12 तासांपेक्षा आणि आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त नसावं, असं केंद्र सरकारने 1992 मध्ये लेखी सांगितलेलं आहे. आपल्या शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला ड्युटीचा तक्ता माहितीच्या अधिकारात मागता येतो. तो मागा, तास मोजा, आणि रात्रपाळीच्या मुली कुठे झोपतात तेही अर्जात विचारा.